दादास, मीटिंगला जाण्याबद्दल

ती. दादास,


दारू मनाच्या निग्रहानेच सुटते, चार परक्या माणसांत जाऊन बसल्याने काय होणार, हा तुझा प्रश्न रास्त आहे. म्हणून सविस्तर लिहिते. निग्रहाची आपल्या मावळात वाण नाही. रोज पिणारी कितीतरी माणसं गटारी उरकून श्रावणभर बाटलीकडे बघत नाहीत. घात होतो तो पुढे, संकल्पाची मुदत संपल्यावर. याचा अर्थ थांबणं जमतं, थांबलेलं टिकत नाही. का टिकत नाही ते बघायचं तर माणूस पितो कुठे आणि कुणाबरोबर ते बघावं. तळेगावच्या कंपनीतली पाळी सुटल्यावर, लोणावळ्याच्या बंगल्यावरचे पाहुणे गेल्यावर उरलेल्या बाटलीभोवती, जमिनीचा व्यवहार झाला म्हणून, हळदीला, जत्रेला. दारू सोडणाऱ्याची ही सगळी माणसं एकदम सुटतात आणि संध्याकाळी सात वाजता तो एकटा उरतो. त्याला दुसरी माणसं मिळाल्याशिवाय निग्रहाने किती दिवस ओढायचं?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, याच गरजेतून उभी राहिली. १९३५ साली बिल विल्सन हा दारू सोडून काही महिने झालेला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला. काम फिसकटलं, पुन्हा प्यावंसं वाटू लागलं. तेव्हा त्याने हॉटेलातून फोन करून स्वतःसारखाच एक दारुडा शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन. समोरच्याला सांगता सांगता आपली दारू दूर राहते हे विल्सनला उमगलं, आणि थोड्याच दिवसांत डॉ. बॉबचीही सुटली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक म्हणून उभी राहिली. डॉक्टर शरीर सावरतो, पण ‘मलाही असंच व्हायचं’ हे वाक्य पिऊन सुटलेल्याच्या तोंडूनच पटतं.

संगतीवरचा हा विश्वास नुसता भाविकपणा नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. एएची वाट धरायला लावणाऱ्या उपचारांनंतर वर्षाने शंभरातले सुमारे ४२ जण पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांनंतर सुमारे ३५. तिथे जाणारेही परत पितात हे तुझं म्हणणं या आकड्यांतच आहे, ते मी झाकत नाही. पण फुकट मिळणाऱ्या एएकडे नेणारे उपचार इतर उपचारांपेक्षा कमी पडत नाहीत, उलट थोडे सरस ठरतात, हेही त्यातच आहे.

देहू आपल्या हाकेवर आहे. माळ घालून सुटलेले गावोगाव आहेत, मग एएची मीटिंग कशाला, असं काका म्हणतात. माळेला मी कमी लेखत नाही. माळकऱ्याला भजनाची संध्याकाळ मिळते, दिंडी मिळते, आला नाही तर विचारणारी माणसं मिळतात. तिथेही तारते ती संगतच. फरक पाय घसरल्यावर पडतो. माळ घालून प्यालेला माणूस तोंड लपवतो, आणि लपवता लपवता पुन्हा रोजचा होतो. मीटिंगमध्ये घसरणं हीच आधी सांगायची गोष्ट असते. तिथे यायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. काल प्यालेल्यालाही ती असू शकते. एएच्या कार्यक्रमातल्या पायऱ्यांमध्ये परमेश्वराचं नाव येतं, पण ज्याला जसा उमगेल तसा. माळ ठेवूनही जाता येतं.

लोक बघतील, ही भीती मात्र मला खरी वाटते. कामशेतमध्ये कोण कुठल्या दारात शिरलं हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या जेमतेम एकाला काही उपचार मिळतो, असं २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसलं. त्यामागे ही लाजही असणार. पण मीटिंग गावातलीच हवी असं कुणी सांगितलं? लोकल आहे. चिंचवडला उतर, शिवाजीनगरला उतर, जिथे तुला कुणी ओळखत नाही. तिथे आडनाव सांगावं लागत नाही, फी नाही, बोलण्याची सक्ती नाही. निघण्याआधी फोन करून वार, वेळ आणि मीटिंग मराठीत आहे का ते विचार. ‘खुली’ असेल तर वहिनीही बरोबर येऊ शकते, ‘बंद’ असेल तर फक्त पिण्याचा त्रास असलेले. पत्ता मुक्तांगणमध्ये विचारता येईल, किंवा १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर. एका मीटिंगवरून मत बनवू नकोस. माणसं निराळी, समूह निराळे.

एक गोष्ट मीटिंगच्याही आधीची. रोजची आणि भरपूर असेल तर एकदम बंद करू नकोस. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, फिट, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. आधी डॉक्टरला खरं प्रमाण सांग. जेवणात नकळत मिसळायच्या पावडरीच्या जाहिरातींना घरात कुणी भुलू नये. त्यात असू शकणाऱ्या काही औषधांवर दारू पडली तर हृदयावर बेतते. वहिनीसाठी अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या, मीटिंगा आहेत, मुक्तांगणात बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. तू गेलास की नाही याची वाट न बघता तिने तिच्यासाठी जावं, असं मी तिला वेगळं लिहिते आहे.

तुझी,
ताई