मधले तीन मिलिमीटर

खुब्याच्या वाटीत बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा मी कॅलिपरने एकदा मोजते, आकडा झाकून ठेवते आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजते. डेल स्टुअर्ट या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७९च्या पुस्तकात या व्यासाचं कोष्टक आहे: ४२.५ मिलिमीटरच्या खाली स्त्री, ४७.५च्या वर पुरुष, ४३.५ ते ४६.५ अनिश्चित. विद्यार्थी ते पाठ करून येतात. पण ती हाडं अमेरिकेतल्या माणसांची. आपल्याकडचा बांधा लहान, त्यामुळे इथल्या कितीतरी पुरुषांचा गोळा त्या मधल्या पट्ट्यात पडतो, काहींचा तर थेट स्त्रियांच्या रकान्यात. इथली मापं इथल्याच हाडांवरून ठरवायला हवीत, यावर मी हटून बसते.

कंबरेचं हाड शाबूत असेल तर काम सोपं. बाळाचं डोकं बाहेर यायला लागणारी वाट तिथे आकारातच दिसते: स्त्रीची जघनास्थी लांबट, तिच्याखालचा कोन रुंद, मागची खाच पसरट. फेनिस यांनी १९६९ साली जघनास्थीवरच्या तीन खुणा सांगितल्या, त्या मी आजही सर्वांत आधी शोधते. पण हाच भाग नाजूक, मातीत लवकर झिजतो. हाती उरतं ते बहुधा मांडीचं दणकट हाड, आणि मग मिलिमीटरवर भिस्त ठेवावी लागते.

इथे मोह होतो. १९७२ साली केनेथ वाइस यांनी दाखवलं, की उत्खननांतल्या प्रौढ सांगाड्यांचं लिंग ठरवताना कल सुमारे १२ टक्क्यांनी पुरुषांकडे झुकतो. शंकेतली हाडं पुरुषांच्या खात्यात गेली, की तेवढ्या बायका त्या गावातून नाहीशा होतात. म्हणून ‘अनिश्चित’ हा शब्द मी ठळक अक्षरात लिहिते. अहवाल अपुरा वाटला तरी चालेल.

घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात निघालेली बहुतेक दफनं लहान मुलांची, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मडक्यांतली. वयात येण्याआधी हाडांत हा फरक पुरता उमटत नाही, तिथे कॅलिपरचा उपयोग नाही. आता दातांच्या इनॅमलमधल्या अमेलोजेनिन या प्रथिनावरून मुलगा की मुलगी हे कळू शकतं. एक्स आणि वाय गुणसूत्रांवरून ते थोडं वेगळं बनतं. मात्र त्यासाठी इनॅमलचा कणभर थर आम्लात विरघळवावा लागतो. कुठल्या मुलाचा दात त्यासाठी निवडायचा, हे ठरवताना माझा हात अडखळतो.