मावसभाऊ आणि बांगड्याचा चुलतभाऊ

सुशी हा शब्द आपल्याकडे आता कुणाला नवा नाही. शुक्रवारी संध्याकाळी, अप्रेझल झाल्याच्या आनंदात (किंवा दुःखात!) ऑफिसची गँग एखाद्या मॉलमध्ये शिरते आणि सुशी मागवते. मग चॉपस्टिक्सची मारामारी. मग कुणीतरी ते हिरवं वसाबी पुदिन्याची चटणी समजून अख्खं तोंडात टाकतं आणि उरलेली संध्याकाळ त्याच किश्श्यावर निघते. प्लेटमध्ये असतं काय? तर अ‍ॅव्होकॅडो, क्रीम चीज, तळलेली कोळंबी आणि वरून मेयोची नक्षी. टेस्टी असतं, नाही कोण म्हणतंय?

पण टोकियोच्या मासळी बाजारात, पूर्ण रात्र जागून, सकाळी आठ वाजता मी जे खाल्लं ते या प्रकरणाचं लांबचं नातेवाईकसुद्धा नव्हतं.

मी मालवणी. म्हणजे आजोळ वेंगुर्ल्याचं आणि वाढले डोंबिवलीत. आमच्याकडे मासा म्हणजे तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, नाहीतर रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केलेली तुकडी. मासा 'नीट शिजला का' हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न. त्यामुळे मी नोव्हेंबरात टोकियोला चाललेय म्हटल्यावर मावशीने बॅगेत तीन गोष्टी भरल्या. एक किलो मालवणी मसाला, आगळाची बाटली आणि एक निरोप. मसाला आणि आगळ दादासाठी. निरोपही त्याच्यासाठीच : ''त्याला विचार, कधी परत येतोयस ते. फोनवर नुसता हसतो मेला.''

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नऊ वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी गेलेला सॉफ्टवेअरवाला. राहतो निशी-कासाईला. या भागात आपली इतकी माणसं आहेत, की स्टेशनबाहेर दोन मिनिटं उभं राहिलं तर हिंदी, तमिळ आणि मराठी तिन्ही कानावर पडतात. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली इथल्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. थोडक्यात, होमसिक व्हायची फारशी सोय नाही.

तर शनिवारी पहाटे पावणेपाचला आम्ही टॅक्सीत. थंडी जाम. दादा म्हणाला, ''मीटरकडे बघू नकोस.'' मी बघितलं. बघायला नको होतं.

जुन्या गाइडबुकात 'त्सुकिजी' असं नाव वाचलं असेल तर एक करेक्शन. १९२३च्या भूकंपात निहोनबाशीचा जुना मासळी बाजार उद्ध्वस्त झाला आणि १९३५ साली त्सुकिजीचा बाजार उभा राहिला. तब्बल ८३ वर्षं तो चालला. ऑक्टोबर २०१८मध्ये घाऊक बाजार तिथून हलला आणि खाडीत भराव घालून केलेल्या तोयोसूवर आला. खरं तर दोन वर्षं आधीच हलायचा होता, पण तोयोसूच्या जागेवर पूर्वी गॅसचा कारखाना होता. जमिनीत विषारी द्रव्यं सापडली, बोंबाबोंब झाली आणि गव्हर्नर युरिको कोइके यांनी मुहूर्त पुढे ढकलला. नव्या बाजाराचा पसारा जवळपास ४० हेक्टर. जुन्याच्या पावणेदोन पट म्हणा.

आणि वास? शून्य! फीचर्ससाठी मी ससून डॉकवर तीनदा गेलेय. १८७५ सालचा तो धक्का, ते ओलं, निसरडं, आरडाओरड्याचं जग. घरी आल्यावर दोनदा अंघोळ करूनही ते केसांत राहतं. तोयोसू म्हणजे आयटी पार्क वाटतं. लांबलचक पांढरे कॉरिडॉर, सरकते जिने, बाणांच्या पाट्या. पब्लिकने मासळीच्या जवळही जायचं नाही, वरून काचेतून बघायचं. लिलाव जवळून बघायचा तर आधी लॉटरीत नाव लागावं लागतं. आमचं लागलं नव्हतं, म्हणून आम्ही वरच्या गॅलरीत, काचेला नाक लावून.

खाली हिरवी जमीन. हिरवी अशासाठी, की त्यावर माशाच्या लाल मांसाचा रंग स्पष्ट दिसतो. त्यावर ओळीने पडलेले ट्यूना. ट्यूना म्हणजे आपला कुपाच हो, त्याच खानदानातला. पण हे कुपे पाच-सहा वर्षांच्या पोराएवढे लांब, काही तर त्याहून मोठे. शेपट्या छाटलेल्या. रबरी बूट घातलेली माणसं हातात आकडी आणि टॉर्च घेऊन एकेका शेपटीशी उकिडवी बसतात, मांसाचा कण खरवडतात, दोन बोटांत चोळतात. चरबी किती, ते बोटांना कळतं. मग घंटा, मग लिलाववाला एका ठोकळ्यावर उभा राहून अंगात आल्यासारखा ओरडतो (आम्हाला ऐकू काहीच येत नव्हतं, पक्का मूकपट) आणि गिऱ्हाइकं बोटांच्या खुणांनी भाव सांगतात. एक मासा, काही सेकंद, खलास. बाजार तोयोसूला आल्यावर नव्या वर्षाचा पहिला लिलाव झाला तो २०१९ साली. त्यात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. घेतला 'सुशीझानमाई' या साखळीच्या कियोशी किमुरा यांनी. हा आकडा माशाचा नाही, जाहिरातीचा आहे, असं माझं मत. रोजचे भाव अर्थातच असे नसतात.

आमच्या घरात कुपाला मान नाही. सुरमई मिळाली नाही की कुपा. गंमत म्हणजे जुन्या जपानातही ट्यूनाच्या पोटाच्या चरबीदार तुकडीला कुणी विचारत नव्हतं. बर्फ नाही, फ्रीज नाही, त्यामुळे ती पटकन खराब व्हायची. आज तीच 'तोरो' म्हणून सगळ्यात महाग.

साडेसहाला आम्ही सुशीच्या रांगेत. दुकान म्हणजे एक लाकडी काउंटर आणि डझनभर खुर्च्या. रांग मात्र सिद्धिविनायकाची. दीड तास काढायचा होता. मी निरोप काढला.

''दादा, मावशीने विचारलंय, कधी येतोयस?''

तो हसला. फोनवर हसत असेल तसाच. मग म्हणाला, ''ऑगस्टमध्ये माझी परमनंट रेसिडन्सी झाली.''

मी काहीच बोलले नाही. पुढचे दोन कोरियन टुरिस्ट एक पाऊल सरकले, आम्ही एक पाऊल सरकलो.

''आईला तू सांग ना. तू पत्रकार, तुला मांडता येतं.''

''हे ऑफ द रेकॉर्ड आहे,'' मी म्हटलं. ''मी नाही सांगणार. तुझी बातमी, तूच दे.''

मग बराच वेळ तो बोलत होता. पैशाबद्दल नाही. काका तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हा तो घरी आला होता. सगळे दिवस-कार्य करून परतला, तेव्हा त्याच्या पहिल्याच शनिवारी झोप येईना म्हणून पहाटे इथे येऊन रांगेत उभा राहिला. तोवर सहा वर्षं जपानात राहून त्याने कच्च्या माशाला हात लावला नव्हता. ''त्या दिवशी काउंटरवाल्याने मला काही विचारलं नाही. एकेक ठेवत गेला, मी खात गेलो. बाबांना बाजारातून मासे आणायला जाम आवडायचं ना...'' वाक्य त्याने पुरं केलं नाही. तेव्हापासून दर महिन्याला एक शनिवार इथे. मला मावशीचं डोंबिवलीतलं घर दिसत होतं. दोन खोल्या, एक माणूस, आणि सोफ्यावर त्याच्या परत येण्यासाठी न काढलेलं प्लॅस्टिक.

आठला आत शिरलो. काउंटरवाले आजोबा दादाला बघून किंचित वाकले.

इथे थोडं ज्ञान. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, मीठ, साखर लावलेला भात आणि त्याच्यासोबत जे काही असेल ते. नुसता कच्चा मासा हवा असेल तर ते साशिमी. मूळ प्रकार तर वेगळाच होता : मासा खारवून भातात महिनोन् महिने आंबवायचा, भात फेकायचा आणि मासा खायचा. बिवा सरोवराच्या काठी आजही असा 'फुनाझुशी' करतात. भाताच्या मुटक्यावर माशाची तुकडी ठेवलेली 'निगिरी' आली एकोणिसाव्या शतकात, एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत. हानाया योहेई नावाच्या माणसाला तिचं श्रेय देतात. गाडीवर उभ्याउभ्या खायचा प्रकार. म्हणजे त्यांचा वडापावच! त्यामुळे हाताने खाल्ली तरी चालते. चॉपस्टिक्स येत नसल्याची लाज बाळगायचं कारण नाही.

दहा तुकडे, साडेपाच हजार येन, म्हणजे आपले तीन हजारांच्या आसपास. आजोबा एकेक ठेवतात, आपण लगेच खायचा. भात कोमट असतो, मासा गार. थांबलात की मजा गेली. सोया सॉसचं बोट ते स्वतःच फिरवतात, आणि 'शोयू नाशी' म्हणाले की समजायचं, यात आणखी सॉस बुडवायचा नाही. वसाबी आतच असतं. दोन तुकड्यांच्या मध्ये आल्याची लोणच्यातली चकती.

पहिला तोरो. चावावाच लागला नाही. लोणी विरघळावं तसा गेला. मला तो आवडला, पण वेड लागलं नाही, आणि हे लिहिताना मला अजिबात संकोच वाटत नाही. उनी, म्हणजे समुद्री साळिंदराची पिवळी गाभोळीसारखी वस्तू, मात्र थेट समुद्राचा घोट. अनागो हा वामाचा जातभाई शिजवलेला होता, तो खाऊन जिवात जीव आला.

आणि मग साबा.

निळ्या-काळ्या रेघांची चकचकीत पाठ बघितल्याबरोबर ओळखला. बांगडा! अगदी सख्खा नव्हे, चुलतभाऊ. बांगडा, सुरमई, कुपा, साबा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. हा मीठ लावून, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. तोंडात टाकला आणि मला कोकमातल्या बांगड्याचा आंबटपणा आठवला. तीच चरबी, तोच उग्रपणा, फक्त मिरची-हळद काढून टाकलेली. इतकी वर्षं मी मसाला खात होते की मासा, असा प्रश्न पडला.

प्लीज, हे वाचून घरी कच्चा बांगडा व्हिनेगरमध्ये बुडवू नका. साबात अनिसाकिस नावाचा कृमी असतो आणि तो व्हिनेगरला भीक घालत नाही. तो मरतो उणे २० डिग्रीला २४ तास गोठवल्यावर, नाहीतर शिजवल्यावर. 'फ्रेश' या शब्दाचीही इथे गोची आहे. मोठा ट्यूना पकडल्या-पकडल्या खाल्ला तर चिवट आणि फिका लागतो. काही दिवस नीट थंडीत मुरला की चव येते. लिलावातले पांढरेफटक ट्यूना तर उणे ६० डिग्रीला गोठलेले असतात. चांगला मासा इथे 'इकेजिमे' करून मारतात. मेंदूत टोचा, रक्त काढून टाकणं, कण्यातून तार. मासा तडफडत मेला तर त्याच्या स्नायूंतली ताकद आधीच संपते आणि चवही कमी उतरते, असा त्यामागचा हिशोब. आपल्याकडे 'ताजं' म्हणजे कल्ले लाल. इथे ताजं म्हणजे कुणी, कसा मारला आणि किती दिवस ठेवला.

शेवटचा तुकडा आपल्या पसंतीचा. मी साबा मागितला. दादानेही. आजोबा हसले.

वर गच्चीवर हिरवळ आहे, समोर खाडी, लांबवर रेनबो ब्रिज. दादाने घड्याळ बघितलं. नऊला दहा कमी. डोंबिवलीत पाच वीस, मावशीचा चहा झालेला. त्याने व्हिडिओ कॉल लावला. मी उठून लांब जाणार होते, त्याने मनगट धरून बसवलं.

त्याने सरळ सांगितलं. प्रस्तावना नाही, काही नाही. ''आई, मी इथेच राहायचं ठरवलंय.''

स्क्रीनवर मावशीचं कपाळ आणि पंखा. बराच वेळ पंखाच फिरत होता. मग आवाज आला, ''मला वाटलंच होतं. गेल्या दिवाळीपासून तू 'घरी जातो' म्हणतोस ते तिथल्या घराबद्दल.'' पुन्हा पंखा. ''सोसायटीच्या मीटिंगला बाबांच्या नावाचं पत्र येतं अजून. ते तरी नावावर करून जा येऊन.'' मग मला, ''खाल्लंस का गं ते कच्चं?'' मी म्हटलं, बांगडा खाल्ला. ''तो तरी तळायचा होता!'' आणि फोन ठेवला. रडली असणार. दादा खाडीकडे बघत बसला, मीही.

नंतर आम्ही त्सुकिजीला गेलो. घाऊक बाजार गेला, पण बाहेरच्या गल्ल्या अजून गजबजलेल्या आहेत. काडीवरचं गोडसर ऑम्लेट खाल्लं. शेजारी नामियोके देऊळ आहे. नामियोके म्हणजे लाटांपासून राखणारा. आवारात सुशीसाठी, अंड्यांसाठी स्मारकाचे दगड उभे केलेत. ज्यांना आपण खातो त्यांच्यासाठी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दादाने तिथे हात जोडले, आपल्यासारखेच.

मावशीसाठी काय घ्यावं, यावर अर्धा तास गेला. त्याला मासे कापायची जपानी सुरी घ्यायची होती. मी म्हटलं, तिला विळीच लागते, उगाच सुरी कपाटात पडेल. शेवटी कात्सुओबुशीचं पाकीट घेतलं. शिजवून, धुरी देऊन, कडक वाळवलेल्या माशाचा कीस. हाही त्या बांगड्याच्या कुळातलाच.

मावशीने तो कांदा-खोबऱ्यात परतून सुकटीसारखी चटणी केली. दादाला फोनवर सांगितलं, मीठ कमी होतं, पण पुढच्या वेळी दोन पाकिटं आण.