वाफेला फट दिसते

पंढरपूर-मिरज हा बार्शी लाइट रेल्वेचा फाटा 1927 मध्ये सुरू झाला आणि सांगोल्यात नॅरोगेजच्या वाफेच्या इंजिनांची धाप ऐकू येऊ लागली. आज तिथून ब्रॉडगेज धावते. इंजिन म्हटलं की चाकं, शिट्टी आणि धूर आठवतो. आट्यांतून फुसफुसणारा नळ्यांचा जोड मात्र फक्त फिटरला आठवतो.

पाण्याला अडवणं सोपं. वाफ बारीकशी वाटही शोधते.

निमुळते आटे आवळले तरी त्यांच्यात सर्पिल पोकळी उरतेच. ती बुजवायला जुने फिटर तागाचा धागा गुंडाळत आणि जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर किंवा सफेदा लावत. जोड घट्ट बसे, पण दोन्ही शिशाचे, म्हणजे विषारी.

मग टेफलॉन आलं. रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना ते 1938 मध्ये योगायोगानं सापडलं. ते साधारण 260 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं आणि 10 बार दाबाची संपृक्त वाफ असते सुमारे 184 अंशांची. म्हणजे साध्या वाफेला आट्यांवर गुंडाळलेली टेफलॉनची टेप पुरते. अतितप्त वाफ मात्र 300 अंशांच्या पुढे जाऊ शकते, तिथे टेपचा उपयोग नाही. शिवाय टेपचा सुटलेला तुकडा पाणी चढवणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक तोंडात अडकला, तर बॉयलरला पाणी मिळत नाही. म्हणून टेप लावताना पहिला आटा मोकळा ठेवावा.

छोट्या बॉयलरवर काम करणाऱ्यानं टेपऐवजी वाफेसाठीची ग्रॅफाइट पेस्ट घ्यावी आणि डब्यावरची तापमानमर्यादा आधी वाचावी.