नारळ न फोडता

२०२५ सालच्या एप्रिलात वृत्तपत्र हाती धरून आम्ही घरात मोठ्या उत्साहाने जाहीर केले की, दूरच्या एका ग्रहावर जीवसृष्टीची चाहूल लागली! नातवाने त्या ग्रहावर निळाशार समुद्र रंगविला आणि ते चित्र शाळेत मिरवून आणले. पुढे या विषयावर थोडे अधिक वाचले, तेव्हा आमचा उत्साह ओसरला. पण मुलाजवळ बोललेला शब्द परत कसा घ्यावयाचा?

त्या ग्रहाचे नाव के२-१८बी. सिंह तारकासमूहात, १२४ प्रकाशवर्षांवर. तो स्वतः दिसत नाही. दर तेहतीस दिवसांनी आपल्या लहानशा तांबूस सूर्यासमोरून जातो, तेव्हा त्या सूर्याचा प्रकाश हजारात सुमारे तीन भाग मंदावतो, एवढेच. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींत २०१५ साली हे ध्यानात आले. या मंदावण्यावरून ग्रहाचा आकार निघतो खरा, परंतु मोजपट्टी असते ताऱ्याची. ताराच चुकीचा मापला तर ग्रहही चुकला. झालेही तसेच! प्रथम ग्रह पृथ्वीच्या सव्वादोन पट रुंद ठरला. मग ताराच समजलो होतो त्याहून मोठा निघाला आणि ग्रह बसल्या जागी २.६ पट झाला.

वजन काढावयाचे ते ताऱ्याच्या डुलण्यावरून. ग्रहाच्या ओढीने तारा मागेपुढे हलतो, तोही सेकंदाला जेमतेम तीन मीटर, म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाच्या वेगाने. त्यावरून ग्रह पृथ्वीच्या साडेआठ पट जड ठरला. हिशेब केला की घनता येते पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट. आपल्या पृथ्वीची साडेपाच पट आहे.

येथवर ठीक. पण आत काय?

आमच्या मातोश्री नारळ घेताना तो हातात जोखीत, कानाशी हलवीत, बोटाने वाजवीत. तरी एखादा खवट निघेच. येथेही तीच गत. खडकाच्या गोळ्यावर हायड्रोजनचे जाड पांघरूण घातले तरी हीच घनता येते. पुष्कळसे पाणी आणि वर थोडा वायू मानला तरी हीच! कानाशी हलविण्याचा प्रकार म्हणजे ग्रहाच्या वातावरणातून गाळून आलेला ताराप्रकाश तपासणे. २०१९ साली त्यात पाण्याची वाफ दिसली असे म्हटले गेले. २०२३ साली वेब दुर्बिणीने पाहिले तो मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघाले, वाफेचा पत्ता नाही. २०२५ साली ज्या वायूवरून गाजावाजा झाला, तो डायमिथाइल सल्फाइड. आपल्याकडे तो समुद्रातील सूक्ष्म जीव करतात. पण खूण इतकी पुसट की दुसऱ्या अभ्यासकांना त्याच नोंदींत ती भरवशाने सापडेना.

हे सारे आम्ही नातवापुढे मांडले. तो हिरमुसला.

"पण आजोबा, समुद्र आहे असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो. घाई केली."

त्याने नवा कागद घेतला, वर्तुळ काढले आणि निळी कांडी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग काहीसे आठवून त्याने ते वर्तुळ खोडले आणि थोडे मोठे काढले.