सोंगातला सूर

भारूड शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नाथ जोशाचे सोंग घेतात तेव्हा ते जोशाला हसतात की आपल्याला?" मी अध्यात्मरूपकाचे नेहमीचे उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही. खरे तर माझेही झाले नाही. त्याच सुमारास मी ओटिस ली क्रेनशॉ ऐकत होतो.

हा ओटिस टेनेसीचा. तुरुंगाच्या वाऱ्या केलेला, दारूने घसा खरवडलेला कंट्री गायक. त्याने अनेक लग्ने केली आणि प्रत्येक बायकोचे नाव ब्रेंडा! अर्थात असा इसम अस्तित्वात नाही. रिच हॉल या अमेरिकन विनोदवीराने घेतलेले ते सोंग आहे. २००० साली एडिनबराच्या महोत्सवात याच सोंगाला पेरिए पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांतल्या एखाद्याशी गप्पा मारायच्या, त्याचे नाव-गाव-धंदा काढून घ्यायचा आणि तिथल्या तिथे त्याच्यावर गाणे रचायचे, हा त्याचा हातखंडा. कंट्री संगीतातले सगळे ठरीव दुःख तिथे हजर असते: सोडून गेलेली बायको, बाटली, कोठडी. हसू येते ते त्या दुःखाच्या ठरीवपणाचे. पण ब्रिटनमधला प्रेक्षक जेव्हा टेनेसीच्या गावंढळाला हसतो तेव्हा त्या हसण्यात थोडा वरचढपणा मिसळत नसेल का? हॉल स्वतः नॉर्थ कॅरोलिनात वाढला, म्हणजे दक्षिणेचाच. पण हे सोंग गाजले समुद्रापलीकडे.

होमर आणि जेथ्रो ही जोडी मला म्हणूनच अधिक गुंतवते. हेन्री हेन्स आणि केनेथ बर्न्स हे दोघे टेनेसीतल्याच नॉक्सव्हिलचे. खेडवळ नावे घेऊन ते आपल्याच मुलखातल्या गाण्यांची विडंबने गात. जॉनी हॉर्टनच्या 'द बॅटल ऑफ न्यू ऑर्लीन्स'चे त्यांनी केलेले विडंबन १९५९ सालच्या ग्रॅमीचे मानकरी ठरले. याच 'अडाण्यां'नी १९६२ साली 'प्लेइंग इट स्ट्रेट' नावाची, एकही शब्द न गाता केवळ वाजवलेली तबकडी काढली. बर्न्सचे मँडोलिन त्यात जॅझच्या अशा वाटांनी जाते की मागचा विदूषक आठवतही नाही. आता पुन्हा विडंबने ऐकावीत. शब्द वेडेवाकडे, पण वाद्य कुठेही वेडेवाकडे नाही. २००१ साली कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांना स्थान मिळाले, त्या दोघांच्याही मृत्यूनंतर. ज्यांची थट्टा केली त्यांनीच त्यांना आपल्यात बसवले.

हे सारे मला परक्या मुलखाचे कुतूहल म्हणून लिहिता आले असते. पण मीही एकदा सोंग घेतले आहे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी 'भजनसम्राट' झालो होतो: खांद्यावर उपरणे, कानावर हात, मान तिरकी, आणि वसतिगृहातल्या पातळ आमटीवर रचलेले भजन. ती मान, तो लांबवलेला हेल, ओळ संपताना घशातून काढलेला तो हुंकार माझ्या मामांचा होता. टाळ्यांनी सभागृह दणाणले. शहरातल्या मुलांमध्ये तोवर माझ्या बोलण्याला हसत. त्या दिवशी मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो होतो. कोर्टाच्या तारखेला आलेले मामा मागच्या रांगेत आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

पुढे सुटीत गावी गेलो. मामांनी विषय काढला नाही. रात्री भजन उरकल्यावर पेटी मिटता मिटता म्हणाले, "सोंग ब्येस काढलंस रं. पर वरचा सूर हुकला तुझा. हसवायच्या नादात घाई केलीस."

मी खाली मान घातली. त्यांनी पेटी पुन्हा उघडली, भाता ओढला आणि ती ओळ माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली. तिसऱ्यांदाही सूर लागला नाही.