समोरासमोर नको

पहिल्या भागात काहीच घडत नाही. तीन मोठी माणसं गावातल्या घरातून निघतात, बसने स्टेशन गाठतात, गाडीने सोलला जातात, दिवसभर नोकरी करतात आणि रात्री उशिरा तशीच परत येतात. सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या शेतात राबतात. जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही. तासाहून जास्त वेळ हे पाहिल्यावर मी फोन बाजूला ठेवला. ताई म्हणाली, "थांबलीस का? लाव की पुढचा."

आईचं वर्षश्राद्ध साताऱ्याला करून ताई, दादा आणि मी जानेवारीत काशीला आलो होतो. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत एक खोली मिळाली. तिच्यात तीन खाटा ओळीने मांडलेल्या. आम्ही तिघं एका खोलीत झोपण्याची ही पंचवीस वर्षांतली पहिलीच वेळ होती. धुकं इतकं, की सकाळी दहापर्यंत नदी दिसायची नाही. नुसत्या वल्ह्यांचा आवाज यायचा. विधी रोज तासाभराचा, आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते तिघांनाही सुचत नव्हतं. ताईच्या मुलीने माझ्या फोनवर एक कोरियन मालिका उतरवून दिली होती, 'माय लिबरेशन नोट्स'. "मावशी, तुम्ही तिघांनी मिळून बघा," एवढंच म्हणाली होती.

कोरियन मालिका मी जन्मात पाहिली नव्हती. ही 2022 सालची, सोळा भागांची. लेखिका पार्क हे-यंग. योम घराण्यातली तीन भावंडं सानपो नावाच्या गावात राहतात. गाव काल्पनिक आहे, पण ते ज्या ग्योंगी प्रांतात दाखवलंय तो खरा. सोल शहराला चारी बाजूंनी वेढून असलेला. खाली इंग्रजी ओळी पळायच्या आणि ताईला त्या वाचायला वेळ पुरेना. मग मी वाचून मराठीत सांगू लागले आणि तिथेच अडकले.

पहिली अडचण नावांची. धाकट्या बहिणीचं नाव मी-जंग. "मी-जंग ऑफिसात एकटी बसलीय" असं मी म्हटलं, की ताई माझ्याकडे बघायची. थोरलीचं नाव गी-जंग, मधल्याचं चांग-ही. तीनदा घोळ झाल्यावर ताईनेच तोडगा काढला, "थोरली, मधला, धाकटी म्हण." आमचीही क्रमवारी तीच. थोरली बहीण, मधला भाऊ, धाकटी मी.

मग ऐकता ऐकता लक्षात आलं, की धाकटी भावाला हाक मारते तेव्हा कानावर 'ओप्पा' पडतं आणि खालच्या ओळीत मात्र त्याचं नाव लिहिलेलं असतं. थोरलीला ती 'ऑन्नी' म्हणते, तिथेही नावच. म्हणजे दादा आणि ताई हे शब्द मूळ बोलण्यात होते आणि इंग्रजीत वाटेतच सांडले होते. मी ते परत उचलून जागच्या जागी ठेवले. "दादा, जेवायला ये" असं म्हटल्याबरोबर ती माणसं एकदम ओळखीची झाली. परक्या भाषेतलं घर आपल्या भाषेत इतक्या सहज येईल असं मला वाटलं नव्हतं.

खरी कोंडी शीर्षकाची झाली. कोरियन शब्द 'हेबांग'. 1945 मध्ये जपानच्या सत्तेतून देश सुटला त्यालाही तिथे हेबांगच म्हणतात. मी मुक्ती म्हणाले. ताईने मान हलवली. काशीत बसून मुक्ती म्हटलं तर एकच अर्थ होतो, आणि आम्ही त्याचसाठी आलो होतो. सुटका? सुटका कुणाच्या तरी तावडीतून होते. या तिघांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं. वडील अबोल आहेत, सिंक बनवायचं वर्कशॉप चालवतात. आई दिवसभर राबते. मारहाण नाही, उपासमार नाही. थोरलीला कुणावर तरी जीव लावायचाय. मधल्याला गाडी हवीय आणि तो अखंड बोलत असतो. धाकटी गप्प राहून थकलीय. यांना कशातून सुटायचंय ते त्यांनाही सांगता येत नाही. ताई बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "मोकळीक म्हण." तो शब्द मला मान्य झाला. घरातल्या बाईच्या तोंडचा शब्द आहे तो.

ज्या घाटावर बसून आम्ही शब्द शोधत होतो तो मराठी माणसाने बांधलेला. आम्हाला विधी सांगणाऱ्या गुरुजींचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं. त्यांनी सांगितलं, "हा अमृतरावांचा घाट." अमृतराव म्हणजे राघोबादादांचा दत्तक मुलगा. दुसरा बाजीराव आणि चिमाजी अप्पा ही त्यांची धाकटी भावंडं. शाळेत मी या तिघांना तीन वेगवेगळ्या धड्यांत भेटले होते. ती एका घरातली भावंडं होती, हे इथे पायरीवर बसल्यावर जाणवलं. बापाच्या राजकारणापायी त्यांचं लहानपण नजरकैदेत गेलं. 1794 मध्ये आनंदीबाई वारल्या आणि नाना फडणविसांनी त्यांना शिवनेरीवर ठेवलं. पुढच्याच वर्षी सवाई माधवराव गेले, तेव्हा दार उघडलं. 1796 मध्ये बाजीराव पेशवे झाले. 1802 मध्ये होळकरांनी पुणं जिंकलं, बाजीराव वसईला पळाले आणि पुण्यात अमृतरावांच्या मुलाला गादीवर बसवायचा घाट घातला गेला. एका खोलीत कोंडलेली भावंडं बाहेर पडली ती एकमेकांच्या विरुद्ध उभी राहायला. अमृतराव इंग्रजांची नेमणूक घेऊन उत्तरेत आले आणि 1824 मध्ये काशीत वारले. पेशवाई बुडाल्यावर चिमाजी अप्पाही काशीलाच आले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते, झाशीच्या राणीचे वडील. बाजीराव मात्र बिठूरला राहिले. उतारवयात ही भावंडं कधी एकत्र बसून शिवनेरीबद्दल बोलली असतील का, हा प्रश्न मला त्या सहा दिवसांत सोडत नव्हता.

शेजारीच नारद घाट आहे. तिथे नवरा-बायकोने जोडीने स्नान केलं तर भांडण होतं, अशी समजूत. ताईने विचारलं, "आणि भावंडांनी केलं तर?" गुरुजी म्हणाले, तसं काही ऐकलेलं नाही. दादा पाय भिजवायलासुद्धा तिकडे गेला नाही.

मालिकेत पुढे एक गोष्ट होते. कंपनीतल्या प्रत्येकाने कुठल्या तरी मंडळात असावं असा वरून आग्रह होतो. धाकटी आणि दोन सहकारी, तिघंही कशातच न रमणारे, मग स्वतःचंच एक मंडळ काढतात, मोकळिकीचं. नियम थोडेच. सुखी असल्याचं सोंग करायचं नाही. दुःखी असल्याचंही नाही. खरं काय ते पाहायचं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, समजूत घालायची नाही. आणि समोरासमोर बसायचं नाही, कारण त्याने अवघडायला होतं. ती माणसं एका ओळीत बसतात.

हे पाहताना आम्ही घाटावरच होतो. मी मान वर केली. उजवीकडे केदार घाटापर्यंत आणि डावीकडे पांडे घाटापर्यंत, जिथवर दिसत होतं तिथवर माणसं एका ओळीत बसलेली. घाटावर समोरासमोर बसताच येत नाही. पायरीच तशी असते, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे.

ताई पाण्याकडे बघतच बोलायला लागली. आईची अकरा वर्षं तिने काढली होती. ते आम्हाला ठाऊक होतं. दिवाळीला आम्ही तिला साडी द्यायचो आणि सगळ्यांदेखत तिचं कौतुक करायचो. ती म्हणाली, "मला ते कौतुक नको असायचं. एकदा कुणीतरी आठ दिवस येऊन राहायला हवं होतं. मी पुळ्याला समुद्रावर जाऊन नुसती झोपणार होते." माझ्या तोंडाशी आलं होतं, अगं मग सांगायचं नाही का. मी ते गिळलं. मंडळाचा नियम नुकताच मराठीत वाचून दाखवला होता.

तेराव्या भागात त्या तिघांची आई जाते. भात शिजायला लावते, जरा पडते आणि उठत नाही. त्या रात्री पुढचा भाग लावला नाही. तिघंही जागे होतो, हे तिघांनाही कळत होतं.

दादा तोवर मालिकेपासून लांबच होता. सकाळी मातीच्या कुल्हडातून चहा आणायचा, थंडीतच मिळणारा फेसाळ मलइयो आणायचा, आम्हाला द्यायचा आणि नावा बघत उभा राहायचा. शेवटच्या दिवशी आमची गाडी रात्रीची होती. दुपारी आम्ही पायरीवर शेवटचे भाग संपवत होतो. त्यात मधला भाऊ मित्राच्या अखेरच्या घटकेला त्याच्याजवळ एकटा बसून राहतो. हातात आलेला व्यवहार त्यासाठी जाऊ देतो. घरातल्या इतरांच्या मरणाच्या वेळीही तोच जवळ होता. शेवटच्या भागात तो चुकून भलत्याच वर्गात शिरतो. तो वर्ग अंत्यसंस्काराची व्यवस्था शिकवणारा असतो. तो उठून जात नाही, बसून राहतो.

दादा कधी येऊन मागे उभा राहिला ते कळलं नाही. "परत लाव तेवढं," तो म्हणाला.

आई गेली तेव्हा रुग्णालयात दादा एकटाच होता. ताईला आम्हीच बळेबळे घरी झोपायला पाठवलं होतं, मी पुण्याहून निघालेली. त्या रात्रीबद्दल वर्षभर कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मी तो प्रसंग परत लावला. संपल्यावर पुन्हा एकदा लावला.

ताई पायरीवर थोडी सरकली. दादा आमच्या दोघींच्या मध्ये बसला आणि समोरच्या वाळूकडे बघत म्हणाला, "तीन वाजता तिने पाणी मागितलं."