‘पित्त’ म्हणून काढलेली दोन वर्षं

मुलगी दहावीत असल्यापासून तिच्या पोटात मधूनमधून कळ यायची. जेवण झालं की तासाभरात बेंबीच्या वर दुखायला लागायचं, कळ पाठीत जायची, उलटी व्हायची आणि दोन दिवसांत सगळं शांत. “पित्त झालंय, जागरणं कमी कर,” असं मी म्हणायचे. सासूबाई मोरावळा आणि साळीच्या लाह्या द्यायच्या. अशी दोन वर्षं गेली.

२०१८च्या दिवाळीत तिचे डोळे पिवळे दिसले. कराडला सोनोग्राफी झाली. सहा-सात मिलिमीटर असायला हवी ती पित्तनलिका एकवीस मिलिमीटर फुगली होती. स्वादुपिंडालाही सूज होती. एमआरसीपीसाठी, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या एमआरआयसाठी, आम्हाला पुण्याला पाठवलं.

तिथल्या सर्जननी रिपोर्टच्या मागे चित्र काढलं. “ताई, यकृताकडून पित्ताची नळी येते, स्वादुपिंडाकडून त्याच्या रसाची. दोन्ही लहान आतड्याच्या भिंतीत, अगदी शेवटी एकत्र येतात. तिथला स्नायू त्यांचे रस एकमेकांत जाऊ देत नाही. हिच्या नळ्या भिंतीच्या बाहेरच जुळल्यात. जोडनळी अठरा मिलिमीटर लांब आहे आणि तिच्यावर त्या स्नायूचा ताबा नाही.”

स्वादुपिंडाच्या नळीत दाब जास्त असतो, म्हणून तिथला पाचक रस उलटा पित्तनलिकेत शिरतो. आतलं अस्तर सुजतं, भरून येतं, पुन्हा सुजतं. वर्षानुवर्षं असं चाललं की पित्ताशयात किंवा फुगलेल्या नळीत कॅन्सर होऊ शकतो. हा दोष जन्मापासूनचा. आशियात जास्त आढळतो, आणि नळी फुगण्याचा प्रकार मुलींमध्ये अधिक.

“आत्ता कॅन्सर आहे का?” मी विचारलं.

“तशी खूण दिसत नाही. पण वय वाढेल तसा धोका वाढतो.”

सतरा वर्षांच्या पोरीचं एवढं मोठं ऑपरेशन! फुगवटा नुसता आतड्याला जोडून भागणार नाही का, असं ह्यांनी विचारलं. पूर्वी तसंच करत, पण मागे ठेवलेल्या फुगवट्याच्या भिंतीत पुढे काहींना कॅन्सर झाला, म्हणून ती पद्धत सोडून दिली, असं सर्जननी सांगितलं. नळी फुगलेली नसेल तेव्हाही पित्ताशय काढायचाच सल्ला देतात, कारण कॅन्सर बहुतेक तिथेच होतो. हिची मात्र पित्ताशयासह फुगलेली नळी काढून, यकृताकडून येणारी नळी आतड्याच्या मोकळ्या वेटोळ्याला जोडायची होती. रात्रभर विचार करून आम्ही सही केली.

ऑपरेशन सहा तास चाललं. काढलेल्या पित्तात अमायलेज हजारांत निघालं. हे स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य, म्हणजे तो रस खरोखरच वर चढत होता. तपासणीत पित्ताशयाचं अस्तर जाड झालेलं आढळलं. कॅन्सर नव्हता. तो कागद मी आजही जपून ठेवलाय.

आता ती नोकरी करते, सगळं खाते. दर वर्षी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते. नवी जोडणी अरुंद होऊ शकते, यकृतातल्या नळ्यांत खडे होऊ शकतात, आणि कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी झाला तरी पुरता संपत नाही. म्हणून ही तपासणी जन्मभराची.

‘पित्त’ या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली, याची बोच जात नाही. तुमच्या घरात कुणाचं पोट असं पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर एकदा सोनोग्राफी करून घ्या. पित्तनलिका रुंद दिसली, तर दुखणं थांबलं म्हणून पुढची तपासणी टाळू नका.